कोपऱ्यातला ४७/१००

मागच्या भागात डिझायनर टॉइज झाली, आज त्यांच्यावरून निघणाऱ्या प्रिंट्स.

१९९९ साली कॉज, म्हणजे ब्रायन डॉनेली, यानं टोकियोच्या बाउंटी हंटरबरोबर ‘कम्पॅनियन’ काढलं. नग फक्त ५००. मिकीसारखे हातमोजे, कवटीचं डोकं, डोळ्यांच्या जागी फुल्या. तेच पात्र पुढे त्याच्या स्क्रीनप्रिंट्समध्येही आलं. आता खेळणं परवडत नाही, तेव्हा आपण म्हणतो, चला, कुणाची तरी प्रिंट तरी घेऊ. इथंच खिसा सांभाळा.

खाली पेन्सिलनं ४७/१०० लिहिलेलं असतं. म्हणजे शंभरच प्रती? नाही ना! ‘एपी’, म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ, या शंभराच्या बाहेर असतात. काही प्रिंट्स तर ‘टाइम्ड’ असतात, ठरलेल्या वेळात जेवढ्या ऑर्डरी येतील तेवढ्या छापायच्या. तरी नाव लिमिटेडच! आणि १/१०० साठी जादा पैसे मोजणारेही आहेत. अरे, नंबर छपाईच्या क्रमानंच पडतो असं कुठंय?

मी आधी छपाई बघतो. स्क्रीनप्रिंटमध्ये साधारण प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. तिरक्या उजेडात शाईचा थर दिसतो. जिक्ले म्हणजे उत्तम प्रतीचं इंकजेट. वाईट नाही, पण दोन्हीला एकच भाव कशाला?

विकणाऱ्याला सरळ विचारायचं, एपी धरून एकूण किती? तो गुळमुळीत बोलला, तर मी पैसे पाठवत नाही.

आणि हो, आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर फ्रेम नको. व्हिनाइल पुसता येतं, बुरशी धरलेला कागद नाही.