कागदाची जनावरे : आरंभ कसा करावा
(शीळफाटा येथे प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



वाचन, लेखन आणि गणित यांतूनच जेथे सवड मिळत नाही, तेथे कागदाची जनावरे करण्याचा हा खेळ कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर आपल्या वर्गातील मुलांकडे पाहूनच दिले पाहिजे.

शीळफाटा हे कल्याण-शीळ आणि मुंब्रा-पनवेल या रस्त्यांचे मीलनस्थान. गोदामे, बांधकामे आणि मालवाहतूक यांच्या निमित्ताने दूरदूरची कुटुंबे या भागात येऊन राहतात. आगरी बोलणाऱ्या मुलाशेजारी भोजपुरी बोलणारे मूल बसते, आणि पुस्तकातील मराठी दोघांच्याही घरी बोलली जाते असे नाही. नवे आलेले मूल कित्येक दिवस गप्प बसते व त्याचे मौन म्हणजे मंदपणा, असा समज होऊ लागतो. अशा मुलास ‘कोपऱ्याला कोपरा जुळव’ असे म्हणत शिक्षकाने स्वतः कोपरा जुळवून दाखविला, तर ते शब्द त्यास हातांतून कळतात. वर, खाली, डावा, उजवा, अर्धा, चौकोन ही अभ्यासाचीच शब्दसंपत्ती होय.

ही कल्पना नवी नाही. बालोद्यानाचे जनक फ्रोबेल यांनी एकोणिसाव्या शतकातच कागदाच्या घड्यांना बालशिक्षणात स्थान दिले. त्या पद्धतीपासून प्रेरणा घेऊन मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी 1893 मध्ये केवळ कागद दुमडून भूमिती शिकविणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्याजवळचे उदाहरण ताराबाई मोडक यांचे. 1945 मध्ये त्यांनी बोर्डी येथे कार्य आरंभिले. पुढे ते कोसबाडला गेले व अनुताई वाघ यांनी ते वाढविले. ही दोन्ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. 2014 पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. महागड्या साहित्यावाचून, भोवताली मिळेल त्या वस्तूंतून शिकवावे, हा धडा त्यांनी घालून दिला.

तेव्हा साहित्य विकत आणू नये. घडीच्या कामास वर्तमानपत्र किंवा वहीचे पाठकोरे पान पुरते. उभ्या राहणाऱ्या जनावरास जुन्या लग्नपत्रिका, औषधांच्या खोक्यांचा पातळ पुठ्ठा किंवा दिनदर्शिकेची जाड पाने घ्यावीत. गोदामांतील मोठ्या खोक्यांचा पुठ्ठा फार जाड असतो. त्याची घडी फुटते.

पहिला पाठ चौरसाचा. पानाचा एक कोपरा समोरच्या लांब काठावर तिरपा आणून घडी घालावी व उरलेली पट्टी कापून टाकावी. घडी उलगडताच चौरस आणि त्याचा कर्ण, दोन्ही मुलाच्या डोळ्यांपुढे येतात.

दुसरा पाठ कुत्र्याचा. कर्णावर दुमडलेल्या त्रिकोणाचे मधले टोक आपल्याकडे ठेवावे. वरच्या काठाची दोन टोके तिरपी खाली दुमडावीत, म्हणजे कान झाले. खालचे टोक किंचित वर दुमडले की नाकाड झाले. डोळे मुलाने काढावेत. त्याच त्रिकोणाचे मधले टोक वर ठेवून ते थोडे खाली दुमडले, बाजूची टोके तिरपी वर नेली आणि कागद उलटा केला, की मांजर होते.

तिसरा पाठ चार पायांवर उभ्या राहणाऱ्या जनावराचा. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा लांबीवर मधोमध दुमडावा. दुमड वर राहील. ती जनावराची पाठ. खालच्या मोकळ्या काठांच्या मध्यभागी, दोन्ही पदर एकत्र धरून, दाराच्या आकाराचा तुकडा कापून काढावा. मागेपुढे दोन-दोन पाय उरतात. निघालेल्या दोन तुकड्यांपैकी एकावर मान व डोके काढून कापावे आणि पाठीच्या एका टोकाशी लहान चीर देऊन त्यात मान खोचावी. शेपटीस सुतळी पुरे. ती चिकटविण्यास मैद्याची खळ करावी. शिंगे बदलली की गायीची म्हैस होते, मान लांबविली की उंट. सपाट कागद उभा राहत नाही, एक घडी घालताच राहतो. असे का होते, हा प्रश्न मुलांना विचारून थोडा वेळ स्वस्थ बसावे.

येथे एक अडचण हटकून येते. काही मुले मोकळा काठ सोडून दुमडच कापतात आणि जनावराचे दोन तुकडे होतात. अशा वेळी शिक्षकाचा हात आपोआप कात्रीकडे जातो. तो आवरावा. दुसरा पुठ्ठा द्यावा आणि ‘पाठ कोणती, पाय कोणते?’ एवढेच विचारावे. मूल स्वतः बोट ठेवून दाखवील, आणि ती चूक पुन्हा सहसा होणार नाही.

माझे मुख्य सांगणे एवढेच आहे. शिक्षकाने सुधारून दिलेले सुबक जनावर भिंतीवर शोभते, अधिकाऱ्यांनाही आवडते. पण ते शिक्षकाचे असते. जे मूल अद्याप आपल्या भाषेत एक वाक्य बोलू शकत नाही, त्याच्या हातचा वाकड्या कानांचा कुत्रा हे त्याने वर्गाला दिलेले पहिले उत्तर असते. ते आपण खोडून पुन्हा लिहू नये. उलट त्या कुत्र्याचे नाव त्याला विचारावे. त्याच्या घरच्या भाषेतील शब्द फळ्यावर लिहावा व शेजारी मराठी शब्द लिहावा. वाचनाचा पाठ तेथूनच सुरू होतो.

पुढील मेळाव्यास येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातील पाच जनावरे आणावीत, अशी माझी विनंती आहे. ती वाकडी असली तरी चालतील. मात्र मुलांच्याच हातची असावीत.