चुकलेले निदान आणि भरपाईचा हिशेब

(पौड येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुळशी तालुक्याला ‘नुकसानभरपाई’ हा शब्द नव्याने शिकवावा लागत नाही. १९२१ साली धरणाखाली जाणाऱ्या गावांतील शेतकरी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाला उभे राहिले, तेव्हा त्यांची घोषणा ‘जान किंवा जमीन’ अशी होती. भरपाई किती मिळणार, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. पुढे पुण्याच्या सावकारांनी मोबदल्यावर तडजोड केली आणि कसणाऱ्या मावळ्याची जमीन पाण्याखाली गेली. काही नुकसाने पैशांनी भरून येत नाहीत आणि जी थोडीफार भरून येतात त्यांचा पैसाही दुबळ्यांच्या हाती शेवटी पडतो, हा त्या लढ्याचा धडा आहे. आज ज्या नुकसानीचा विचार करावयाचा आहे ती जमिनीची नसून शरीराची आहे. कर्करोगाचे निदान हलगर्जीपणाने चुकले, तर रुग्णाने भरपाई मागावयाची कोठे, कोणाकडे आणि कोणत्या आधारावर?

निदान दोन प्रकारे चुकते. रोग असताना ‘काही नाही, साधी गाठ आहे’ असे सांगितले जाते; उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात आणि जो रोग आटोक्यात आला असता तो पसरतो. उलट प्रकारात रोग नसताना तो आहे असे ठरवून शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी केली जाते. केरळात २०१९ साली कोट्टायमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एका स्त्रीला खासगी प्रयोगशाळेच्या अहवालावर विसंबून केमोथेरपी देण्यात आली. शासकीय प्रयोगशाळेचा अहवाल नंतर आला. त्यात कर्करोग नव्हता. एका कागदाची वाट पाहिली गेली नाही, आणि निरोगी शरीरात विषासारखे औषध गेले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्रत्येक चुकलेले निदान हा निष्काळजीपणा नव्हे. वैद्यकशास्त्र अनिश्चिततेत काम करते, आणि प्रामाणिकपणे, पूर्ण तपासणी करून काढलेला निष्कर्षही चुकू शकतो. असे डॉक्टर शिक्षेस पात्र ठरू लागले तर अवघड रुग्णाला कोणी हात लावणार नाही. निष्काळजीपणा निराळा. गाठ वाढत असल्याचे रुग्ण पुनःपुन्हा सांगत असता तिचा तुकडा तपासणीला न पाठवणे. आलेला अहवाल न वाचणे. दोन रुग्णांच्या नमुन्यांची अदलाबदल होऊ देणे. पात्र पॅथॉलॉजिस्टने न पाहिलेल्या अहवालावर सही मारणे. या गोष्टी शास्त्राच्या मर्यादेत मोडत नाहीत. प्रयोगशाळेच्या अहवालावर पदव्युत्तर पात्रतेच्या नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्टचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले आहे.

भारतातील या कायद्याचा पाया पुणे जिल्ह्यातीलच एका खटल्याने घातला. मे १९५३ मध्ये दौंडच्या एका डॉक्टरांच्या तरुण मुलाची मांडी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर अपघातात मोडली. त्याला पुण्यास आणण्यात आले. तेथील उपचारात पाय ओढून बसवताना पुरेशी भूल दिली गेली नाही, आणि त्याच दिवशी मुलगा गेला. वडिलांनी दावा लावला. १९६८ साली ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार देताना काळजी. निदानातील हयगयीचे दावे आजही याच त्रिसूत्रीवर उभे राहतात. भरपाई मिळाली ती तीन हजार रुपये; तीही पंधरा वर्षांनी. वडील स्वतः डॉक्टर होते; केसपेपर वाचता येणारे, साक्षीदाराची उलटतपासणी समजणारे. त्यांना पंधरा वर्षे लागली, तर मुळशीच्या डोंगरकपारीतल्या कातकरी कुटुंबाला किती लागतील?

दुसरे उदाहरण औरंगाबादचे. जुलै १९६३ मध्ये तेथील शासकीय रुग्णालयात बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका स्त्रीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. कोणत्या डॉक्टरच्या हातून नेमके काय घडले, हे सिद्ध होत नाही अशी सबब पुढे करण्यात आली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. टॉवेल आपोआप पोटात जात नाही. नोकराच्या हयगयीची जबाबदारी शासनावर आहे, असे ठरले. भरपाई ३६ हजार रुपये. कालावधी तेहेतीस वर्षे.

तिसरे उदाहरण एका परिचारिकेचे. १९९३ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली एक परिचारिका नऊ वर्षे पोटदुखी सोसत राहिली. २००२ मध्ये मुंबईस दुसरी शस्त्रक्रिया झाली तेव्हा आत राहिलेले कापड निघाले. २००४ साली तिने तक्रार दाखल केली, आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली. दुखत होते तर मूळच्या डॉक्टरकडे जाऊन कारण का शोधले नाही, असा प्रश्न तिला विचारण्यात आला. दोष रुग्णाला ठाऊक होऊ शकत नसेल तर मुदत तो कळल्यापासून मोजावी, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. पण तिला त्याचा लाभ मिळाला नाही. निमूटपणे सोसण्याला आपला समाज सद्गुण मानतो. मुदतीच्या कायद्यात तो अपराध ठरला.

आज भरपाईचा मुख्य मार्ग ग्राहक कायद्याचा आहे. १९८६ चा कायदा डॉक्टरांना लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये ठरवले. २०२० सालापासून अमलात आलेल्या नव्या कायद्यानुसार रुग्णाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. सबळ कारण दिल्यास उशीर माफ होऊ शकतो. दिवाणी दाव्याच्या मानाने हा मार्ग स्वस्त आहे, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु या मार्गाच्या तोंडाशीच एक फाटक आहे, आणि ते गरिबाच्या तोंडावर बंद होते. ‘ग्राहक’ तो, ज्याने मोबदला दिला. जेथे काही रुग्णांकडून पैसे घेतले जातात तेथील फुकट उपचार घेणारेही या कायद्यात येतात. पण जेथे सर्वांनाच उपचार मोफत, ते रुग्णालय कायद्याबाहेर. नोंदणीचे नाममात्र शुल्क भरल्याने फरक पडत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. हा निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र त्याची दुसरी बाजू अशी, की ग्रामीण रुग्णालयात ज्याची गाठ ‘साधी’ म्हणून परत पाठवली गेली त्याला ग्राहक आयोगाचे दार सहसा उघडत नाही. त्याने दिवाणी न्यायालयात जावे, म्हणजे औरंगाबादचा तेहेतीस वर्षांचा रस्ता धरावा. आरोग्य हा नागरिकाचा हक्क न मानता विकत घेतलेला माल मानला, की हे असे घडते.

कामगारांच्या बाबतीत एक महत्त्वाचा अपवाद आहे. कामगार राज्य विमा योजनेचा उपचार फुकट नव्हे, त्यासाठी कामगाराच्या वेतनातून वर्गणी जाते, म्हणून विमाधारक कामगार हा ग्राहक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली दिला. पिरंगुटच्या कारखान्यांतील प्रत्येक विमाधारक कामगाराला हे माहीत असले पाहिजे.

आता भरपाईच्या हिशेबाकडे वळू. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे सर्वांत मोठा अन्याय दिसतो. न्यायालये गमावलेले उत्पन्न मोजतात. २०१३ साली कोलकात्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा कोटी रुपये आणि त्यावर व्याज देवविले. मृत स्त्री अमेरिकेत स्थायिक, उच्चशिक्षित होती. कुटुंबाचे दुःख खरे आणि त्यांची चिकाटी वंदनीय. पण याच सूत्राने भात लावणाऱ्या बाईचा हिशेब केला तर काय उरते? गृहिणीच्या श्रमाला किंमत आहे, हे मान्य होण्यासही जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणातील २००१ चा निकाल यावा लागला. त्यात ती महिना तीन हजार रुपये धरण्यात आली. विषमता जिवंतपणी वेतनात असते. मरणानंतर ती भरपाईत उतरते.

कर्करोगाच्या उशिरा निदानात आणखी एक पेच आहे. इंग्लंडमध्ये १९९४ साली एका माणसाच्या काखेतील गाठ डॉक्टरांनी चरबीची निरुपद्रवी गाठ म्हणून सोडून दिली. तो कर्करोग होता. उपचारास सुमारे नऊ महिने उशीर झाला. दहा वर्षे जगण्याची त्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली. हलगर्जीपणा सिद्ध झाला. तरीही २००५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी भरपाई नाकारली. कारण असे, की मुळातच शक्यता निम्म्याहून कमी होती. तेव्हा उशीर झाला नसता तरी तो बरा झाला असता असे म्हणता येत नाही. याचा सरळ अर्थ असा, की जितका रोगी अधिक संकटात, तितकी डॉक्टरची हयगय स्वस्त. आपल्याकडे गावातून शहरात पोचेपर्यंतच रोग पुढे गेलेला असतो. हा तर्क येथे रुजला, तर तोट्यात तोच राहील जो आधीच मागे आहे.

भरपाईबरोबर गप्प बसण्याची अटही पुष्कळदा येते. आयर्लंडमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सरकारी तपासणीत अनेक स्त्रियांचे नमुने पूर्वी चुकीचे वाचले गेल्याचे फेरतपासणीत दिसले, आणि हे त्यांच्यापैकी बहुतेकींना कळवलेच गेले नाही. व्हिकी फेलन या स्त्रीने २०१८ मध्ये तडजोडीचे २५ लाख युरो स्वीकारले, पण गुप्ततेच्या अटीवर सही करण्यास नकार दिला. तिने तोंड उघडले म्हणूनच २२१ स्त्रियांचा प्रश्न देशापुढे आला. ती २०२२ साली गेली. तिने मिळवलेले सत्य मात्र सर्वांच्या कामी आले. आपल्याकडे ‘मिटवून घ्या’ असा सल्ला देणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

मग पर्याय कोणता? न्यूझीलंडने १९७४ पासून अपघाताच्या नुकसानीसाठी सार्वजनिक निधी उभा केला. मालकांची आणि कमावणाऱ्यांची वर्गणी, वाहनांवरील आकार आणि सरकारी तिजोरी यांतून तो भरतो. उपचारातून झालेली इजा त्यात येते आणि २००५ पासून त्यासाठी डॉक्टरचा दोष सिद्ध करावा लागत नाही. निदान चुकणे किंवा लांबणे यांचाही त्यात समावेश होऊ शकतो. त्याबदल्यात नागरिकाने साध्या भरपाईचा दावा करण्याचा हक्क सोडला आहे. ही व्यवस्था निर्दोष नाही. उपचारातून इजा झालेल्याला मदत मिळते आणि नुसत्या रोगाने खंगलेल्याला तितकी मिळत नाही, हा तिच्यावरील आक्षेप रास्त आहे. दोष शोधलाच नाही तर हलगर्जीपणा वाढेल, अशीही शंका घेतली जाते. तिचे उत्तर असे, की भरपाई आणि शिस्त या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. रुग्णाला पैसा निधीतून त्वरित मिळावा. डॉक्टरची चौकशी ज्यात रुग्णांचेही प्रतिनिधी असतील अशा मंडळाने स्वतंत्रपणे करावी. मोफत रुग्णालयातील रुग्णाला प्रथम लाभ देणारा असा निधी महाराष्ट्रात उभारणे ही अवाजवी मागणी नव्हे. आणि त्याच्या जोडीला जिल्हा रुग्णालयात बायॉप्सी वाचणारा पॅथॉलॉजिस्ट असलाच पाहिजे. चुकीच्या निदानाची सर्वांत चांगली भरपाई म्हणजे ते न चुकणे.

निधी होईल तेव्हा होईल. तोवर कार्यकर्त्यांच्या हाती काय आहे? पहिले काम कागदांचे. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक अहवाल आणि पावती जपून ठेवण्यास कुटुंबाला शिकवावे. लेखी मागणी केल्यास बहात्तर तासांत नोंदी देणे हे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि त्या किमान तीन वर्षे राखून ठेवण्याचा नियम आहे. मागणी लेखीच करावी, आणि पोच घ्यावी. बायॉप्सीची काच आणि मेणात बसवलेला मूळ तुकडा परत मागून दुसरीकडे तपासून घ्यावा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थेचे मत उपचारालाही उपयोगी पडते आणि दाव्यालाही. तारखांची टिपणवही ठेवावी, कारण दोन वर्षे पाहता पाहता सरतात. स्त्रिया, अनुसूचित जातीजमातींचे नागरिक आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या कायद्याने उत्पन्नाची अट न ठेवता मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला आहे. तालुका विधी सेवा समितीकडे त्यांच्याबरोबर जावे.

फौजदारी तक्रारीची घाई करू नये. २००५ सालच्या निकालाने त्यासाठी ठोक स्वरूपाच्या हलगर्जीपणाचा पुरावा आणि तज्ज्ञ डॉक्टरचे मत आवश्यक केले आहे. फसलेली फौजदारी तक्रार भरपाईचा मार्गही गढूळ करते. आणि रुग्णालयाची तोडफोड करणारा मोर्चा हा तर आपला मार्गच नव्हे. फुटलेल्या काचांखाली गाडला जातो तो पुरावा, आणि दुसऱ्या दिवशी उपचाराविना परत जातो तो गरीबच.

मुळशीच्या शेतकऱ्यांना धरण थांबवता आले नाही. पण विस्थापिताला विचारल्याशिवाय विकास नाही, ही मागणी त्यांनी देशाला दिली. चुकलेल्या निदानाने ज्यांचे आयुष्य हिरावले गेले, त्यांची मागणीही एवढीच साधी आहे: जे घडले ते सांगा, ज्याने केले त्याने उत्तर द्यावे, आणि मागे राहिलेल्यांचे घर चालावे. ही मागणी एकट्या रोगग्रस्ताच्या खांद्यावर टाकून चालणार नाही. आजारी माणसाला लढण्याचे त्राण नसते. म्हणूनच संघटना असते.