सहल, रंग आणि आपले घर
(पालक-मेळाव्यात दिलेले भाषण)



घर सजवायला पैसा लागतो असे आपण धरून चालतो. माझ्या मते आधी नजर लागते, आणि ती सहलीत तयार होते.

औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा घ्या. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही सतराव्या शतकातील कबर. ताजमहालाची नक्कल म्हणून लोक दहा मिनिटांत बाहेर पडतात. (हा अन्यायच आहे!) संगमरवर तिथे घुमटाला आणि खालच्या भागाला, मधल्या काळ्या दगडावर पांढरा गिलावा. पण त्या गिलाव्यातील वेलबुट्टी पाहा! साध्या चुन्यातून कारागिराने केवढी शोभा आणली! तसलीच वेलबुट्टी त्या शहराच्या हिमरू कापडावर सूत आणि रेशमात विणलेली दिसते.

जवळच पाणचक्की आहे. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर दळण दळले, आणि हौदाखालचे दालनही थंड ठेवले. आपल्या घरी तांदूळ धुतलेले पाणी मोरीत जाते. ते डब्यातल्या मोगऱ्याला घालता येईल.

आता खरे बोलतो. सहलीच्या यादीत मुलींची नावे फार थोडी असतात. बरोबर शिक्षिका असतात, मुक्कामाची सोय वेगळी असते. मुलीला चौकटीची वही देऊन पाठवा. तिने उतरवून आणलेली जाळी उशीच्या अभ्य्रावर भरता येईल, आणि एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेतही उपयोगी पडेल. मुलांचे वडील नावे देऊन गेले. मुलींच्या वडिलांसाठी मी आज सभा संपल्यावर इथेच यादी घेऊन बसणार आहे.