सेवावारीची तयारी



माइक हातात आला की मला घाम फुटतो, हे मागच्या बाकावरच्यांना अजून आठवत असेल. तरी संयोजक म्हणाले, "तू दर डिसेंबरात पोरं घेऊन मुंबईला जातोस ना, त्यावर बोल." म्हणून उभा आहे.

मी शिकवतो त्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या वसतिगृहात रोज संध्याकाळी हरिपाठ होतो. मुलं बरीचशी माळकऱ्यांच्या घरची. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. त्या सुमारास अकरावीची वीस-बावीस मुलं-मुली घेऊन आम्ही तीन दिवस परळ भागात कॅन्सरच्या रुग्णांसाठी असलेल्या एका लहानशा धर्मशाळेत सेवेला जातो. मुलांनीच त्याला सेवावारी हे नाव दिलं.

धर्मशाळा कशाला, असं मलाही आधी वाटायचं. रुग्ण दवाखान्यात असतो की! पण परळचं टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं आणि आज तिथे देशभरातून माणसं येतात. रेडिएशन म्हणजे शेक घ्यायचा तर आठवड्यातले पाच दिवस, असे कितीदा पाच-सहा आठवडे. रोजचं काम काही मिनिटांचं. त्यासाठी खाट मिळत नाही, आणि बिहारमधल्या किंवा आपल्या बीडच्या माणसाला रोज घरी जाऊन परत येता येत नाही. मग राहायचं कुठे? कितीतरी जण फुटपाथवर पथारी टाकतात. दादरला गाडगेबाबांच्या नावाची मोठी धर्मशाळा आहे ती याच लोकांसाठी. आम्ही जातो ती दुसरी.

पहिल्या वर्षी माझी तयारी म्हणजे एस.टी.चं आरक्षण, बॅनर आणि दोनशे बुंदीचे लाडू. मुलांनी रांगेत जाऊन लाडू वाटले, मी फोटो काढले. एका खोलीत एक गृहस्थ होते, जबड्याचं ऑपरेशन झालेलं, नाकात नळी. आमच्या मुलाने लाडू पुढे धरला. त्यांना तोंडच उघडता येत नव्हतं. मुलगा तसाच हात धरून उभा, कारण मी फोटो घेत होतो. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने पदर घेतला आणि नवऱ्याचं तोंड झाकलं. मी मोबाईल खिशात घातला, पण तोवर उशीर झाला होता.

निघताना तिथले व्यवस्थापक म्हणाले, "गुरुजी, पुढच्या वर्षी या. पण काही आणू नका. झाडू मारायला या."

बोललो असतो तर कुणाशी? गाडगेबाबांचं चरित्र मीच वर्गात शिकवत होतो. शेंडगावात १८७६ साली जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी गाव झाडायचा, कीर्तन रात्री. तो क्रम मला तोंडपाठ होता.

दुसऱ्या वर्षी नावं मागितली. एका चांगल्या, कामसू मुलाने नाव दिलं नाही. मी भर वर्गात म्हणालो, "सेवा म्हटलं की काहींच्या पोटात दुखतं." तो खाली बघत राहिला. रात्री हरिपाठ झाल्यावर माझ्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाला, "सर, मी तिथे राहिलोय. बाबांच्या वेळी. सातवीत होतो." त्याचे वडील त्यातून उठले नाहीत, हेही मला तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच वर्गात त्याची माफी मागितली. कारण सांगितलं नाही. त्यालाही ते नको होतं. आज तो नोकरीला आहे. नाव घ्यायचं नाही या अटीवर त्याने हे सांगायला परवानगी दिली आहे.

त्या रात्री तो बराच वेळ बोलत बसला. म्हणाला, सणाच्या दिवशी केळी इतकी येतात की काळी पडतात, आणि एरवी कुणी फिरकत नाही. आईला कपडे धुवायला जायचं असायचं, तेवढा वेळ बाबांजवळ बसायला कुणी हवं असायचं. वरच्या मजल्यावर पाणी न्यायला हवं असायचं. येणारे सगळे विचारायचे, "कधीपासून आहे? डॉक्टर काय म्हणतात?" एकदा कुणीतरी कांद्याचा भाव विचारला, तर बाबा अर्धा तास बोलले.

तो त्या वर्षी आला नाही. पण तयारी त्यानेच करून घेतली, आणि आजही आम्ही तशीच करतो.

ऑक्टोबरपासून दर शनिवारी मुलं तालुक्याच्या रुग्णालयात फरशी पुसायला जातात. फडकं पिळण्यापासून सगळं शिकावं लागतं, संडास धुणंसुद्धा. पहिल्या शनिवारी दोघंतिघं गळतात, गळू देतो. मग जोड्या लावून बोलण्याचा सराव: एकाने रुग्ण व्हायचं, दुसऱ्याने आजाराचा शब्द न काढता दहा मिनिटं बोलायचं. फार अवघड जातं हो! तेही हिंदीत, कारण समोरचा बंगालचा असू शकतो. आपल्या वर्गातली एक मैत्रीण परिचारिका आहे, समोरच बसली आहे. ती दर वर्षी येऊन हात धुवायला शिकवते आणि मुलींबरोबर मुंबईलाही येते. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी होतात, साधी सर्दीही रुग्णाला महागात पडते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी ती एकेकाला तपासते. गेल्या वर्षी एका मुलीला शिंका येत होत्या. तीन महिने राबलेली पोर, ढसाढसा रडली. तिला ठेवून गेलो.

पालकसभेत हमखास एक प्रश्न येतो, "हा रोग लागतो का?" शिवल्याने लागत नाही, हे मी सांगून पटत नाही, तिने सांगितलं की पटतं.

लाडवांचे पैसे आता फिनेल आणि झाडूंवर जातात. फोन माझ्या पिशवीत. हरिपाठ गच्चीवर, मृदंग नाही, टाळ हळू, कारण खाली कुणी नुकतं झोपलेलं असतं. आमच्या गटात एक मुसलमान मुलगा होता, तो आपला नमाज पढून शेजारी येऊन बसायचा. दुसऱ्या दिवशी जिना चढून बिहारचे एक काका आले, म्हणाले, "हम भी बैठें?" आणि तिसऱ्या दिवशी त्यांनीच कबीर गायला. त्या सरावात मी काही शिकवलं नव्हतं.

यंदा १८ तारखेच्या रात्री निघतोय. मुलींबरोबर आणखी एक बाई हवी आहे, दोन्ही मजले एकटीला होत नाहीत. आणि तिथल्या नातेवाइकांना अंथरायला गोधड्या लागतात. जुन्या चालतील, पण धुतलेल्या द्या. जेवणाच्या वेळी मी हात धुवायच्या नळाजवळ उभा आहे, तिथेच नावं सांगा.