सार्वजनिक मालमत्ता आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने मला केली, ह्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. अशा प्रसंगी वक्त्याने ज्ञातीच्या पूर्वजांचे गुणवर्णन करावे असा प्रघात आहे. परंतु ते कार्य माझ्याहून अधिकारी व्यक्तींनी ह्याच व्यासपीठावरून अनेक वेळा केलेले असल्यामुळे मी आज निराळा विषय निवडला आहे. तो दिसण्यात क्षुल्लक आहे. नळाची तोटी, रस्त्यावरील दिवा, एस. टी.च्या थांब्यावरील बाक, वाचनालयातील पुस्तक, नदीचा घाट एवढाच त्याचा विस्तार. तथापि गावाची सुसंस्कृतता त्यातील भव्य इमारतींवरून नव्हे, तर अशा क्षुल्लक वस्तूंच्या स्थितीवरून ओळखावी, असे माझे मत आहे.

'सार्वजनिक' हा शब्द आपण नित्य वापरतो. सर्व जनांचे ते सार्वजनिक, हा त्याचा सरळ अर्थ. व्यवहारात मात्र आपण त्याचा अर्थ 'सरकारी' असा करतो, आणि 'सरकारी' म्हणजे 'कोणाचेच नव्हे' असे मनाशी ठरवून टाकतो. घरातील तांब्याला पोचा पडला तर दिवसभर हळहळणारा गृहस्थ सार्वजनिक बाकाची फळी निखळलेली पाहून क्षणभरही थांबत नाही. वास्तविक ती फळी त्याच्याच पैशाची असते. घरपट्टी आणि पाणीपट्टी आपण भरतोच. पण ज्याच्या नावावर घर नाही असा मजूरदेखील साबणाची वडी घेताना कर देत असतो. म्हणून सार्वजनिक वस्तूची नासधूस ही वस्तुतः शेजाऱ्याच्या घरातील चोरीच होय. फरक एवढाच की, हा शेजारी दार उघडून ओरडत नाही.

ही जाणीव आपल्याकडे नव्याने आयात करावयाची आहे, असे कोणी समजू नये. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे ह्याचा विचार आहे. आंबा-फणसाची लाकडे उपयोगाची असली तरी त्यांस हात लावू देऊ नये, कारण ती झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. राज्याच्या गरजेपुढेही झाड उभे राहावे, हा विचार करणारे लोक आपल्याच भूमीत होऊन गेले. अहिल्यादेवी होळकरांनी आपल्या राज्याच्या सीमेबाहेरही घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. संत गाडगेबाबांनी, ज्यांचे देहावसान १९५६ साली झाले, हाती खराटा घेऊन आधी गाव झाडले आणि मग कीर्तन केले. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक आदी ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. स्वतः मात्र कोणत्याही वास्तूचे मालक झाले नाहीत.

परंतु 'सार्वजनिक' ह्या शब्दाचा सर्वांत खडतर धडा आपल्या शेजारच्या महाडने शिकविला आहे. रावबहादूर सीताराम केशव बोले ह्यांनी १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला, की सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले असावेत. तो संमत झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. पण कागदावरचे तळे निराळे आणि पाण्याचे तळे निराळे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहस्रावधी अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा कोठे त्या ठरावास अर्थ प्राप्त झाला. त्यानंतरही वाद न्यायालयात गेला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निर्णय होण्यास १९३७ साल उजाडले. नगरपालिकेचे तळे म्हणजे सर्वांचे तळे, एवढी साधी गोष्ट सिद्ध होण्यास दहा वर्षे लागली!

हे मी ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून मुद्दाम सांगत आहे. ज्ञाती म्हटली की 'आपले' आणि 'परके' असा भेद मनात येतोच. सार्वजनिक पाणवठा ही अशी जागा आहे की, जेथे हा भेद संपला पाहिजे. ज्या अधिकारासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तो अधिकार आपणांस आज विनासायास मिळतो. आणि आपण काय करतो, तर त्या नळाची तोटी पिरगळून नेतो.

तोटीचा विषय निघालाच आहे तर शिक्षकाच्या सवयीने थोडे गणित मांडतो. तोटी नसलेल्या नळातून मिनिटास १० लिटर पाणी वाहते असे धरा. पाणी दिवसातून दोन तास येते असे माना. म्हणजे १,२०० लिटर गटारात गेले. जलजीवन अभियानात ग्रामीण कुटुंबासाठी माणशी दररोज ५५ लिटर हे मान धरलेले आहे. त्या हिशेबाने एका तोटीपायी २१ माणसांचे दिवसाचे पाणी नाहीसे होते. तोटी मोडीत विकून चोरास जे मिळते ते ह्या हिशेबापुढे हास्यास्पद आहे.

रस्त्याचेही तसेच. डांबरी रस्त्याचा खरा शत्रू गाडीचे चाक नसून पाणी आहे. वरचा डांबराचा थर अखंड असेतोवर पाणी वाहून जाते. त्यास एक भोक पडले की पाणी खडीच्या थरात उतरते, खालचा मुरूम भिजून सैल होतो, आणि वरून जाणारे प्रत्येक चाक त्या पोकळीवर घण घालते. आपल्या ह्या भागात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उन्हाळ्यात पहारीने पाडलेले वीतभर भोक श्रावणात परातीएवढा खड्डा होते. आता अप्रिय वाटले तरी सांगणे प्राप्त आहे. गतवर्षीच्या आपल्याच उत्सवाच्या मांडवासाठी ह्या सभागृहासमोरील नव्या रस्त्यात सोळा भोके पाडली गेली. आज येताना आपण सर्वांनी ज्या खड्ड्यांतून वाट काढली, त्यांची मोजदाद जिज्ञासूंनी परतताना करावी.

दुसरी गोष्ट दिव्यांची. क्रिकेटच्या सामन्यातील विजयाच्या उन्मादात बाजारपेठेमागील गल्लीतील चार दिवे दगड मारून फोडण्यात आले. मुले कोणाची हे साऱ्या गावास ठाऊक होते. त्यांपैकी दोघे आपल्या ज्ञातीचे होते. दुसऱ्या दिवशी प्रतिष्ठित मंडळी ठाण्यात गेली, रदबदली झाली, मुले घरी आली. दिवे मात्र गणपतीपर्यंत आले नाहीत. सायंकाळच्या शिकवणीहून परतणाऱ्या मुली तितके दिवस लांबच्या वाटेने घरी जात होत्या. आज ज्या विद्यार्थिनींचा ह्या व्यासपीठावर सत्कार झाला, त्यांतीलही काही त्यांत होत्या. एका हाताने आपण त्यांना पुष्पगुच्छ दिला आणि दुसऱ्या हाताने त्यांचा दिवा फोडणाऱ्यास पाठीशी घातले, असा ह्याचा अर्थ होतो. ह्यात ज्ञातीचे हित कोणते झाले, ते मला उमगलेले नाही.

तीच कथा मोठ्या प्रमाणावर आंदोलनांत घडते. मागणी न्याय्य असो वा नसो, पहिला दगड एस. टी.वर पडतो. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी धावली, तेव्हापासून ह्या गाडीने खेड्यातील विद्यार्थी शाळेत, रुग्ण दवाखान्यात आणि माहेरवाशीण माहेरी पोहोचविली. श्रीमंताचे तिच्यावाचून अडत नाही. ती गरिबाची गाडी आहे. म्हणून एस. टी. जाळणारा सरकारला धडा शिकवीत नसून आपल्याच आजीला उन्हात उभी करीत असतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या महापुरात महाडनजीकचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. त्या दुःखाने सारा जिल्हा एक झाला होता. निसर्गाने पूल नेला तेव्हा आपण रडलो. मग माणसाच्या हाताने गाडी जळते तेव्हा टाळ्या कशा वाजतात?

कायदा ह्या बाबतीत मुका नाही. सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण करणे आणि हिंसेचा त्याग करणे हे राज्यघटनेच्या कलम ५१-क अन्वये प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. हे कलम १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने घटनेत आले. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीस प्रतिबंध करणारा कायदा १९८४ चा आहे. त्यात पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. पाणी वा वीज पुरविणारी साधने किंवा सार्वजनिक वाहने ह्यांची हानी केल्यास किमान सहा महिन्यांची सक्तमजुरी सांगितली आहे, आणि आग लावून नुकसान केल्यास एक ते दहा वर्षांची. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकून असे स्पष्ट केले, की अशा नुकसानीची भरपाई प्रत्यक्ष कृत्य करणाऱ्याबरोबरच त्या कार्यक्रमाच्या संयोजकांनाही द्यावी लागेल. संयोजक ह्या शब्दात आपल्यासारखी मंडळेही येतात, हे कार्यकारिणीने ध्यानी धरावे.

ह्यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, नगरपरिषद तरी आपले काम कोठे करते? आक्षेप निराधार नाही. दिवे, पाणी आणि रस्ते ही नगरपरिषदेची कर्तव्येच आहेत. पण आपण कट्ट्यावर बसून निंदा करतो, अर्ज करीत नाही. विजेच्या खांबाचा क्रमांक, ठिकाण आणि दिनांक लिहून दोन प्रतींत अर्ज द्यावा, एका प्रतीवर पोच घ्यावी, आणि पंधरा दिवसांनी त्या पोचेच्या आधारे पुन्हा विचारावे. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लेखी तक्रार फायलीत राहते.

दुसरा आक्षेप असा की, इतर समाज रस्ते खणतात आणि फलक टांगतात, मग बंधन आम्हांलाच का? शेजारी कचरा टाकतो म्हणून कोणी आपल्या देवघरात कचरा टाकीत नाही, इतकेच त्याचे उत्तर. चांगल्या गोष्टीत पहिला क्रमांक मिळविण्याची हौस आपल्याला परीक्षांत असते. तीच येथे दाखवावी.

केवळ उपदेश करून खाली बसणे मला उचित वाटत नाही. म्हणून पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यासाठी तीन सूचना मी लेखी स्वरूपात चिटणीसांकडे देत आहे.

पहिली : मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमासाठी रस्ता वा फरसबंदी खणू नये. मांडवाचे खांब वाळू भरलेल्या पिंपांत उभे करावेत. खर्च थोडा अधिक येईल. तो वर्गणीतून करावा, आणि जुनी सोळा भोके पावसापूर्वी नगरपरिषदेच्या परवानगीने स्वखर्चाने बुजवून घ्यावीत.

दुसरी : वाढदिवस, निवड वा यश ह्यांच्या अभिनंदनाचे फलक विजेच्या खांबांवर बांधू नयेत आणि झाडांना खिळे ठोकू नयेत. विनापरवाना असे करणे हा १९९५ च्या राज्याच्या कायद्याने अपराधही आहे. ते पैसे वाचनालयास द्यावेत. फलक आठ दिवसांत फाटतो. पुस्तक नातवंडांपर्यंत टिकते.

तिसरी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी : आपल्या ज्ञातीतील कोणी सार्वजनिक वस्तूची हानी केली तर मंडळाच्या पदाधिकाऱ्याने त्याच्यासाठी रदबदली करू नये. भरपाई पालकांनी द्यावी. ऐपत नसेल तर मंडळाने ती बिनव्याजी उसनी द्यावी. आणि त्या मुलास बरोबर घेऊन ती वस्तू पूर्ववत करून घ्यावी. ज्या हाताने दिवा फोडला त्याच हाताने नव्या दिव्यासाठी शिडी धरली, तर तो मुलगा पुन्हा दगड उचलणार नाही. अनेक वर्षे मुलांत वावरल्यामुळे एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

ह्या तिसऱ्या सूचनेस विरोध होईल, ह्याची मला कल्पना आहे. संकटात ज्ञातीने पाठीशी उभे राहू नये, तर ज्ञाती कशासाठी, असे विचारले जाईल. पाठीशी उभे राहावे, अवश्य राहावे. मात्र मुलाच्या अपराधाच्या पाठीशी नव्हे, त्याच्या सुधारणेच्या पाठीशी. आपल्या पूर्वजांनी हे मंडळ स्थापिले ते मुलांनी शिकावे आणि चारचौघांत मान ताठ ठेवून चालावे म्हणून. ते चारचौघे म्हणजे हे सारे गाव. त्या गावाचा नळ, दिवा आणि रस्ता ज्याने राखला, त्याने ज्ञातीचे नाव राखले असे मी समजतो.

सर्वसाधारण सभेत ह्या सूचनांवर मोकळेपणाने चर्चा व्हावी, अशी मी विनंती करतो.