तलावात उतरण्यापूर्वी



पोहण्याच्या तलावावर उग्र वास आला की आपण म्हणतो, "क्लोरिन फार टाकले आहे!" पण वास बहुधा क्लोरामाइन्सचा असतो. पोहणाऱ्यांचा घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन ती तयार होतात. डोळे चुरचुरतात तेही त्यांच्यामुळेच, आणि जंतू मारण्यास क्लोरिन कमी उरतो. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी निदान १ मिनिट शॉवरखाली अंग स्वच्छ धुवावे.

जुलाब होत असलेल्या मुलाला मात्र तलावावर पाठवूच नका. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरिनच्या पाण्यातही ७ दिवसांहून अधिक जगू शकतो. तेथे आंघोळ पुरत नाही. आपल्या मुलाने सोडलेले पाणी दुसऱ्याच्या मुलाच्या तोंडात जाते, एवढे ध्यानात ठेवा.