आळस नव्हे, आजार



कालवर पहाटे उठून धारा काढणारा माणूस आज खाटेवरून उठत नाही. विचारलं तर उत्तर उशिरा, तेही हळू. आपण चटकन म्हणतो, ‘आळशी झाला!’ दरवेळी तसं नसतं. नैराश्याच्या आजारात विचार आणि हालचाल दोन्ही मंदावू शकतात. सदऱ्याचं बटण लावायलासुद्धा वेळ लागतो. असं दोन आठवडे चाललं, तर टोमणे सोडा, दवाखाना गाठा. थायरॉईड मंदावल्यानंही असं होतं. डॉक्टर रक्त तपासून ठरवतील. नैराश्यावर उपचार आहेत. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. ‘जगणं नको’ असं कुणी म्हणालं, तर त्याला एकटं ठेवू नका. २०२२ पासून ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक अहोरात्र चालू आहे. गुरुजी, वर्गात मंदावलेल्या मुलावर रागावण्यापूर्वी त्याच्या उत्तराची वाट पाहा.